पाणी आहे, पण प्यायचं का वापरायचं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात पर्यटनाच्या पानावर अधूनमधून कॅराव्हॅनचे फोटो येतात. मागं सूर्यास्त, पुढं फोल्डिंगच्या खुर्च्या, हातात चहाचा मग. पाहायला मस्त वाटते. पण तो चहा ज्या पाण्याचा केला ते पाणी कुठून भरलं हे कोणीच लिहीत नाही, आणि खरं सांगतो, गाडीतच घर करून फिरायचं म्हटलं की डिझेल, टायर, रात्री गाडी कुठं लावायची हे सगळं नंतर, पहिला प्रश्न पाण्याचा. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांब झालं आहे, जागा नसली तर कापा, फक्त शेवटी बोर्डाचं लिहिलं ते कापू नका.

मी प्रतापनगरचा, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी मी आणि माझ्या साळ्यानं मिळून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, बर्थ टाकले, गॅसची शेगडी, छोटं बेसिन, बारा व्होल्टचा पंप आणि बर्थखाली १०० लिटरची टाकी बसवली. आरटीओत किती चकरा मारल्या त्याचं वेगळं पत्र होईल, ते नंतर कधी. आमचं पहिलं भांडण टाकीवरूनच झालं. साळा म्हणे भाऊजी, भंगारवाल्याकडं निळे ड्रम स्वस्तात मिळून राहिले, धुऊन घेऊ. मी म्हटलं बे, त्यात आधी काय भरलं होतं ते तुला माहीत आहे का, केमिकल असलं तर प्लास्टिकच ते पिऊन बसते, मग तू कितीही घास. शेवटी फूड ग्रेडची काळी टाकी घेतली. काळी याच्यासाठी की उजेड शिरला की आत शेवाळ धरते.

१०० लिटर ऐकायला लय वाटते. वजनानं आहेच, लिटरला किलो म्हणजे एक क्विंटल, आणि टाकी अर्धी झाली की वळणावर पाणी असं डचमळते की गाडीला मागून कोणी ढकललं असं वाटते. पण पुरायचं म्हटलं तर चार माणसांना दीड दिवस, तेही आंघोळ बाहेर कुठं केली तर. घरी नळाखाली धो-धो भांडी घासायची सवय, ती गाडीत चालत नाही हे कळायला आम्हाला पहिलीच संध्याकाळ पुरली, सहा वाजता पंप खडखड करून हवा ओढायला लागला. म्हणजे काय झालं, की रोज नाहीतर दिवसाआड एका अनोळखी गावाच्या नळावर विश्वास ठेवायचा. हे आम्हा नागपूरकरांना जड जाते. आमच्याकडं पेंचचं आणि कन्हानचं पाणी येते, शुद्ध करून, क्लोरीन टाकून, ते पीत आम्ही लहानाचे मोठे झालो, प्रेशरवरून आणि बिलावरून रोज भांडतो पण हे प्यायचं का असं नळाला कधी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री टाकी धुतली. ज्यांना कोणाला असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. मेडिकलमध्ये किंवा केमिकलच्या दुकानात सोडियम हायपोक्लोराइट मिळते, चार-पाच टक्क्यांचं, ते १०० लिटरला साधारण १०० मिली टाकायचं, म्हणजे लिटरमागं ४० ते ५० मिलीग्रॅम क्लोरीन होते, मग सगळ्या तोट्या एकेक करून वास येईपर्यंत उघडायच्या म्हणजे पाइपातही जाते, रात्रभर ठेवायचं, सकाळी सगळं सोडून द्यायचं आणि दोनदा साध्या पाण्यानं खळबळून घ्यायचं. हे टाकी धुवायचं प्रमाण आहे, प्यायच्या पाण्यात इतकं टाकायचं नाही, तिथं बाटलीवर लिहिलं असते तेवढंच. आणि सुगंधी, रंगीत वालं घ्यायचं नाही, ते फरशीचं. दुसरं म्हणजे हे औषध उन्हात मरते. आमच्या मे महिन्यात गाडीत ठेवलेली बाटली महिन्याभरानं नुसतं पाणी झाली असं समजा.

तर संक्रांत झाल्यावर आम्ही चौघं निघालो, मी, आमची मिसेस, साळा आणि त्याची मिसेस. हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबादवरून किनवट, माहूर, मग पुसद-वाशिमकडून लोणार, शेगाव, अकोला, अमरावती आणि घर. दहा दिवस.

पहिल्याच दिवशी एका ढाब्यावर जेवलो आणि मालकाला विचारून टाकी भरली. तो म्हणे भरा ना काका, पाण्याले कोण नाही म्हणते. माणूस चांगला होता हो, त्याच्यावर राग नाही. पाणीही काचेसारखं. त्याची टाकी वर स्लॅबवर होती, तिच्यावर झाकण नव्हतं, हे मला निघताना दिसलं आणि तेव्हा टाकी भरून झाली होती. माझ्या मनात आलं की सोडून द्यावं सगळं. साळा म्हणे जाऊ द्या हो भाऊजी, इतके लोक जेवून राहिले इथं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तोच ओआरएस पिऊन राहिला होता. आता ते पाण्यानंच झालं की ढाब्याच्या चटणीनं, हे मी कोर्टात शपथेवर सांगणार नाही. पण तेव्हापासून प्यायचं पाणी वेगळं केलं, वीस लिटरच्या दोन झाकणाच्या कॅन, आणि टाकीचं पाणी फक्त हातपाय, भांडी, चूळ. भांड्यांचंही शेवटचं खळबळणं कॅनच्या पाण्यानं.

आता मुख्य गोष्ट. पांढरकवड्याच्या पुढं, हायवे सोडून एका गावात सकाळी चहाला थांबलो. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायचं. देवळाजवळ हापशी, आजूबाजूला फरशी बांधलेली, स्वच्छ, गोठा नाही, उकिरडा नाही. मी दोन हात मारले, पाणी थंडगार आणि चवीला गोड. माझ्याकडं टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, दोनशे रुपयांचं, पेनासारखं, ते बुडवलं, आकडा पाचशेच्या आत. आपलं पिण्याच्या पाण्याचं जे सरकारी स्टँडर्ड आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरी सोयच नसली तर २००० पर्यंत चालवून घेतात. मी खुश. म्हटलं भरा कॅन.

तेवढ्यात एक आजीबाई पाण्याचा गुंड घेऊन चालल्या होत्या त्या थांबल्या. म्हणे, "काहाले भरता बाप्पा ते? ते प्याचं नाही, ते लुगडे धुवाचं हाय." मी म्हटलं आजी, पाणी तर मस्त आहे. त्या म्हणे, "मस्तच हाय. म्हणून तं सारे पेले. लाल केलं न त्याले, दिसत नाही का?" मी पाहिलं तर हापशीच्या दांड्याला आणि खालच्या लोखंडाला कधीकाळी लाल रंग मारला होता, अर्धा उडालेला, उरलेला गंजाच्या रंगात मिसळलेला. मला वाटलं हापशीचा कलरच तसा. मग त्यांनी बाजूला उभ्या नातवाला म्हटलं, दाखव रे दात. त्या पोराच्या समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते.

फ्लोराइड. यवतमाळ जिल्ह्याचा हा भाग, चंद्रपूरचा काही भाग, खाली किनवटकडं, जमिनीतल्या खडकातूनच ते पाण्यात उतरते. स्टँडर्डमध्ये लिटरला १ मिलीग्रॅम चांगलं, फार तर १.५. त्याच्यावर वर्षानुवर्षं प्यायलं की लहानपणी दात खराब होतात आणि पुढं सांधे, पाठ, माणूस वाकतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. टीडीएस मीटर म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळले एवढंच सांगते, त्यात फ्लोराइड किती हे त्याला कळत नाही, आणि जंतू तर अजिबातच नाही, गटाराचं पाणीही मीटरवर चांगला आकडा दाखवू शकते. उकळून जाते म्हणावं तर तेही नाही, उकळल्यानं जंतू मरतात पण पाणी आटते आणि फ्लोराइड तेवढंच राहते, म्हणजे उलट घट्ट होते. क्लोरीनच्या गोळीचंही तेच, ती जंतूंसाठी. नायट्रेटलाही हे दोन्ही चालत नाही, त्याची हद्द ४५ मिलीग्रॅम आहे आणि बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ सोबत असलं तर तिथं एक दिवसही रिस्क घेऊ नये. आमच्यासारख्यानं ते हापशीचं पाणी दोन दिवस प्यायलं असतं तर काही वाकडं झालं नसतं हे मलाही माहीत आहे. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्या गावात पाण्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं, सरकारलाही माहीत होतं, कोणीतरी रंगाचा डबा घेऊन येऊनही गेलं होतं, आणि मी शिकलेला माणूस हातात मीटर घेऊन उभा होतो आणि मला काही माहीत नव्हतं.

यातलं अजून एक मला खटकते. फ्लोराइड काढायची साधी रीत, तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकून पाणी ढवळायचं आणि गाळ बसू द्यायचा, तिला नालगोंडा पद्धत म्हणतात, ती काढली कोणी तर आमच्या नागपूरच्या नीरीनं, म्हणजे पर्यावरणाच्या सरकारी संशोधन संस्थेनं. वर्धा रोडवरून जाता-येता जी नीरी दिसते तीच. आणि पांढरकवडा इथून दीडशे किलोमीटर.

माहूरला रेणुकामातेचं दर्शन झालं, तिथं आमच्याच हातून एक घोळ झाला तोही सांगून टाकतो. आमच्या गाडीत छोटा पोर्टेबल संडास आहे, त्याची खालची पेटी काढून सार्वजनिक संडासात रिकामी करायची आणि धुवायची. साळ्यानं ती धुतली. चांगली रगडून धुतली. संध्याकाळी मी पाणी भरायला पाइप काढला तर ओला, विचारलं हा कशाला वापरला, तर गप्प. मग त्याच्या मिसेसनं त्याची जी पूजा केली ती गडाच्या पायथ्यापर्यंत ऐकू गेली असंल. पंधरा मीटरचा फूड ग्रेडचा पाइप तिथंच टाकून दिला. आता दोन पाइप आहेत, प्यायच्या पाण्याचा पांढरा, तो वेगळ्या पिशवीत दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून ठेवतो म्हणजे धूळ-मुंग्या आत जात नाही, आणि दुसरा हिरवा बागेचा, त्याला दोन्हीकडं लाल टेप. पाइपाचं टोक जमिनीवर पडू द्यायचं नाही आणि टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, कारण नळाचं प्रेशर गेलं की आपल्या टाकीतलं पाणी उलटं गावाच्या लाइनीत ओढलं जाऊ शकते, म्हणजे आपण पाहुणे म्हणून जायचं आणि त्यांचंच पाणी नासवायचं. गावात ज्या दिवशी नळ उशिरा येतो त्या दिवशी पहिलं पाणी गढूळ का येते तेही यातच आहे, लाइन रिकामी असली की फुटक्या जागेतून बाहेरचं आत शिरते. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची. बायकांना हे सगळ्यांना माहीत आहे, त्या पहिलं पाणी सड्यालाच वापरतात, माणसांना सांगावं लागते.

लोणारच्या अलीकडं एका छोट्या गावात मात्र मी खरंच थक्क झालो. ग्रामपंचायतीसमोर नळ होता, गाडी लावली, विचारायला आत गेलो. एक पोरगा बसला होता, तिशीचा, म्हणे मी इथला जलसुरक्षक. मी म्हटलं पाणी पिण्यासारखं आहे का. तो काही बोलला नाही, ड्रॉवरमधून काचेची नळी आणि एक छोटी बाटली काढली, नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. "हे ओटी टेस्ट काका. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. रोज करतो." भिंतीवर हिरवं कार्ड होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या राज्यात पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोनदा गावातल्या पाण्याच्या जागांचे सर्व्हे होतात आणि त्यावर ग्रामपंचायतीला कार्ड मिळते, धोका जास्त असला तर लाल, मध्यम असला तर पिवळं, चांगलं असलं तर हिरवं, आणि पाच वर्षं लागोपाठ हिरवं राहिलं तर चंदेरी. शिवाय सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायांना पाणी तपासायची किट दिली आहे, फ्लोराइड, नायट्रेट सगळं त्यात निघते, आणि जंतूंसाठी एक छोटी बाटली असते, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाणी खराब. हे सगळं त्यानं मला इतक्या आपुलकीनं दाखवलं की मी खाली बसून पाहिलं. वहीत तारखा होत्या, आकडे होते.

मी म्हटलं दादा, हे सगळं तुझ्या ड्रॉवरमध्ये आणि वहीत आहे, बाहेर नळावर काहीच नाही. तो हसला. म्हणे गावात सगळ्यांना माहीत आहे काका, बाहेरचं कोण येते इथं पाणी भरायला?

येतात ना. आमच्यासारखे हौशी सोडा, आम्ही बोटावर मोजण्याइतके. ट्रकवाले रोज येतात, ४४ नंबरचा हायवे श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो, त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर केबिनमध्ये एक पाच लिटरची कॅन ठेवतो आणि ती कुठं ना कुठं भरतो. मेंढ्या घेऊन काठेवाडी येतात, बिऱ्हाड सोबत. वीटभट्टीवर जाणारे, हार्वेस्टरवाले, पायी शेगावला जाणाऱ्या दिंड्या. यांच्यापैकी कोणाला त्या गावाची वही दिसणार आहे?

शेगावहून पुढं खारपाणपट्टा लागतो, पूर्णेच्या दोन्ही अंगाला, अकोला, बुलडाणा, अमरावती जिल्ह्यांचा भाग. तिथं निदान पाणी स्वतःच सांगते, तोंडात घेतलं की कळते, साबणाला फेस येत नाही आणि चहा फाटल्यासारखा लागतो. माझं मीटर तिथं एका बोअरवर दोन हजाराच्या वर गेलं. तिथले लोक बाहेरून आणलेलं पाणीच पितात आणि आलेल्याला विचारायच्या आधी सांगतातही. अकोलीच्या भास्करानं गजानन महाराजांना पाणी दिलं नाही आणि मग त्याच्या कोरड्या विहिरीला पाणी लागलं ही गोष्ट आमच्या विदर्भातल्या पोराटोरांना पाठ आहे, त्यामुळं पाणी नाही असं सहसा कोणी तोंडावर म्हणत नाही. दहा दिवसांत आम्हाला पाणी नाकारलं ते फक्त एकाच पेट्रोल पंपावर, तिथला माणूस म्हणे गाडी धुवायला नेऊन राहिले तुम्ही. डिझेल त्यांच्याकडंच टाकलं होतं. पंपावर ग्राहकाला प्यायचं पाणी फुकट द्यायचं हा नियम आहे, पण टाकी भरून द्या असा नियम नाही हेही खरं, त्यामुळं मी वाद घातला नाही.

आता कोणी म्हणेल, जारचं पाणी घ्या ना, सगळीकडं मिळते. मिळते. लग्नात, ऑफिसात, ढाब्यावर, निळ्या-पांढऱ्या जारमध्ये थंड पाणी, आरओचं म्हणून. त्याला सील नसते, तारीख नसते, कोणत्या बोअरचं हे लिहिलेलं नसते. थंड म्हणजे शुद्ध असं आपल्या डोक्यात कोणी भरवलं देव जाणे. त्यापेक्षा मला गावातलं वॉटर एटीएम बरं वाटलं, पाच रुपयाचं नाणं टाकलं की वीस लिटर, डोळ्यासमोर येते, आणि फ्लोराइड आरओमध्ये जाते. पण एका ठिकाणी मशीन बंद, एका ठिकाणी मशीन चालू पण फिल्टर कधी बदलला ते चालवणाऱ्यालाच माहीत नाही. गाडीतच आरओ बसवायचा सल्लाही एकानं दिला. घरचा आरओ एक लिटर चांगलं द्यायला दोन-तीन लिटर सांडतो, १०० लिटरच्या टाकीवर हा थाट परवडत नाही.

माझी पुतणी अमेरिकेत असते, ती आणि जावई दरवर्षी आरव्ही, म्हणजे तिकडची कॅराव्हॅन, भाड्यानं घेऊन आठवडाभर फिरतात. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणे काका, आमच्याकडं टाकी धुवायचं प्रमाण पंधरा गॅलनला पाव कप ब्लीच आहे. मी हिशोब केला, आपल्यासारखंच निघालं, त्याचा मला उगाच आनंद झाला. तिकडं कॅम्पग्राउंडला नळ असतो त्यावर पोटेबल लिहिलेलं असते, म्हणजे प्यायचं, आणि संडासाची टाकी रिकामी करायची जागा वेगळी, तिथल्या नळावर ठळक लिहिलेलं की हे प्यायचं नाही. प्यायच्या पाण्याचा पाइप पांढरा किंवा निळा. तिकडं सगळं सोन्याचं आहे असं नाही, कुठं कुठं भरायचे पैसे लागतात, हिवाळ्यात पाइप गोठून फुटतात म्हणून नळच बंद करून ठेवतात, आणि उन्हाळ्यातही पार्कात गेल्यावर नळ बंद असल्याचा कागद चिकटवलेला दिसतो. पण कागद चिकटवतात. मला त्यांचा हायवे नको, त्यांचा नळही नको, तो कागद पाहिजे.

आपल्या राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅराव्हॅन पार्कात पाणी, वीज, रस्ता अशा सोयी असाव्या असं त्यात आहे. होतील तेव्हा होतील. मी त्याची वाट पाहायला सांगून राहिलो नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा हेच नागपूर गल्लीगल्लीत स्टॉल लावून पाणी पाजते, उन्हाळ्यात चौकाचौकात लाल कपडा गुंडाळलेल्या माठांचे प्याऊ लागतात, त्यामुळं पाणी पाजायची दानत कमी आहे असं मला कोणी सांगू नये.

माझं मागणं एका बोर्डाचं आहे. जिथं सार्वजनिक नळ आहे, हापशी आहे, एसटी स्टँडवर, टोल नाक्यावर, समृद्धीवरच्या थांब्यांवर, पर्यटन महामंडळाच्या निवासांसमोर, देवस्थानांच्या बाहेर, तिथं नळाच्या वरच, आत ऑफिसात नाही, नळाच्या वर, चार ओळी लिहा. पाणी कुठून येते, नदी, धरण, विहीर का बोअर. शेवटचं कधी तपासलं, तारीख. जंतू निघाले का नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट हद्दीत आहे का नाही. तारीख खडूनं बदलता आली पाहिजे, नाहीतर ऑइल पेंटनं लिहिलेली तारीख दहा वर्षं तीच राहील, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. यासाठी नवीन तपासणी नको, नवीन माणूस नको, त्या पोराच्या वहीत जे आहे तेच भिंतीवर उतरवायचं. आणि ज्याला वाचता येत नाही किंवा मराठी येत नाही, ट्रकवाला पंजाबचा असू शकतो, तामिळनाडूचा असू शकतो, त्याच्यासाठी रंग. बांगलादेशात बोअरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं तेव्हा त्यांनी हापशींना लाल आणि हिरवा रंग मारला, लाल प्यायचं नाही, हिरवं प्या. आमच्याकडंही त्या गावात मारलाच होता. फक्त दरवर्षी मारा, आणि हापशीच्या लोखंडाला मारून सोडू नका, तिथं तो गंजात दिसत नाही, मागं एक दगड रोवून त्याला मारा.

नळ प्यायचा नसला तरी चालते हो. वापरायचं पाणी म्हणून लिहा, आम्ही टाकीत भरू, भांडी घासू, तुमचे आभार मानू. जो नळ प्यायचा नाही त्याच्यावर तसं लिहिण्यात कोणत्याही सरपंचाची नाचक्की नाही. काहीच न लिहिलेल्या नळापाशी मात्र माणूस दुसऱ्याकडं पाहतो, तो पिऊन राहिला तर आपणही पितो, आणि तो आपल्याकडं पाहून पिऊन राहिला असतो.

जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागानं आणि मनपानं यावर काही करायचं ठरवलं तर पहिला बोर्ड लिहायला मी ब्रश घेऊन यायला तयार आहे. माझं अक्षर चांगलं आहे.

कळावे,
आपला जुना वाचक,
प्रतापनगर, नागपूर

ता. क. हे पत्र लिहून ठेवलं होतं आणि मधे गाडी सर्व्हिसिंगला दिली. घ्यायला गेलो तर गॅरेजवरचा पोरगा बेसिनच्या तोटीतून ग्लास भरून आरामात पाणी पिऊन राहिला होता. टाकीत अमरावतीहून भरलेलं, पंधरा दिवसांचं शिळं. मी ओरडलो, अबे ते प्यायचं नाही. तो म्हणे, काका, लिहिलं कुठं आहे? तोटीवर आता चिठ्ठी लावली आहे.